मुंबईतील कापडगिरण्यांचा ऱ्हास आणि हजेरीपटाबाहेरचा रोजगार

सारांश : मुंबईतील कापडगिरण्यांच्या ऱ्हासाची चर्चा बहुधा १९८२ चा संप आणि गिरण्यांच्या जमिनी या दोन विषयांभोवती फिरते. प्रस्तुत लेखात गिरण्यांवर अप्रत्यक्षपणे उभ्या असलेल्या रोजगाराचे स्वरूप स्पष्ट केले आहे. ऱ्हासाची कारणे आणि नुकसानभरपाईची पद्धत यांचा विचार करून, कामगाराची व्याख्या केवळ हजेरीपटावरून केल्यास उद्योगाच्या अस्ताचे खरे मोजमाप होत नाही, असे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : कापडगिरणी, गिरणगाव, अप्रत्यक्ष रोजगार, खानावळ, स्थलांतर, पुनर्वसन.

१. प्रस्तावना

एखादा उद्योग बंद पडला, की त्याची नोंद साधारणपणे दोन आकड्यांत होते : किती कारखाने बंद झाले आणि किती कामगार बेकार झाले. हे दोन्ही आकडे आवश्यक आहेत. परंतु ते पुरेसे नाहीत. मोठा उद्योग हा एकटा उभा नसतो. त्याला कच्चा माल पुरविणारे, त्याचा पक्का माल वाहणारे व विकणारे, आणि त्याच्या कामगारांच्या पगारावर जगणारे असे अनेक व्यवसाय त्याच्याभोवती वाढतात. अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये आर्थिक विकासाची मीमांसा करताना उद्योगांच्या मागील व पुढील जोडण्यांची संकल्पना मांडली. उद्योगाच्या उभारणीचे स्पष्टीकरण देणारी ही संकल्पना उद्योगाच्या अस्तालाही तितकीच लागू पडते. ज्या जोडण्यांमुळे रोजगार वाढतो, त्याच जोडण्यांमधून बेकारी पसरते.

मुंबईतील कापडगिरण्या हे या प्रक्रियेचे ठळक उदाहरण होय. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ या गिरण्यांनी शहराला रोजगार दिला आणि कोकण व घाटावरील असंख्य खेड्यांना रोख पैसा पुरविला. त्यांच्या ऱ्हासानंतर गिरणी कामगारांच्या पुनर्वसनाची चर्चा झाली, ती योग्यच होती. मात्र ज्यांचे नाव कोणत्याही गिरणीच्या हजेरीपटावर नव्हते, अशांच्या उपजीविकेचे काय झाले, हा प्रश्न बहुतांशी अनुत्तरित राहिला.

२. ‘पारंपरिक’ या शब्दाविषयी

कापडगिरणीला पारंपरिक उद्योग म्हणावे काय, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. एकोणिसाव्या शतकात गिरणी हेच आधुनिकतेचे प्रतीक होते. इंग्लंडमधील आणि पुढे भारतातील यंत्रावरच्या सुताने व कापडाने हातकताई व हातमाग यांना मागे सारले. नंतरच्या काळात यंत्रमागाने गिरणीतील विणकामाला तेच केले. यावरून असे दिसते, की पारंपरिकता हा उद्योगाचा अंगभूत गुण नसून काळाच्या ओघात त्याला प्राप्त होणारे स्थान आहे. एखादा उद्योग तीन-चार पिढ्या एका प्रदेशात स्थिरावतो. वडिलांच्या जागी मुलगा लागतो. त्या कामाभोवती वस्ती, सण, संघटना आणि भाषा घडते. तेव्हा तो उद्योग त्या समाजापुरता पारंपरिक झालेला असतो. या अर्थाने गिरणी हा मुंबईचा पारंपरिक उद्योग होता.

३. गिरणगावाची जडणघडण

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथील त्या गिरणीत उत्पादन सुरू झाले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धामुळे भारतीय कापसाला प्रचंड भाव आला. त्यातून मुंबईतील व्यापाऱ्यांच्या हाती जमा झालेल्या भांडवलाचा काही भाग पुढे गिरण्यांत आला. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, प्रभादेवी आणि वरळी या पट्ट्यात गिरण्यांची दाटी झाली व तो परिसर ‘गिरणगाव’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

या गिरण्यांना मनुष्यबळ मिळाले ते प्रामुख्याने तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातून. त्याखेरीज सातारा, पुणे, कोल्हापूर या भागांतून, तसेच उत्तर प्रदेश आणि तेलंगणातूनही. कोकणातील लहान जमिनी, खोती पद्धतीचा जाच आणि भातशेतीचे अपुरे उत्पन्न ही त्यामागची कारणे होती. भरती ‘जॉबर’ नावाच्या मुकादमामार्फत होत असे. जॉबर माणसे आणी, त्यांच्यावर देखरेख ठेवी, प्रसंगी कर्जही देई. कायम कामगारांच्या गैरहजेरीत कामावर घेण्यासाठी बदली कामगारांचा मोठा वर्ग तयार ठेवलेला असे. पाळी सुरू होण्यापूर्वी फाटकावर उभे राहायचे आणि काम मिळाले नाही तर परत जायचे, अशी अनेक वर्षे काढल्यानंतरच बदली कामगार कायम होत असे.

कामगार चळवळीचा इतिहासही याच परिसरात घडला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना झालेल्या शिक्षेच्या निषेधार्थ कामगारांनी सहा दिवस संप केला. १९२८ च्या प्रदीर्घ संपातून गिरणी कामगार युनियन पुढे आली.

तथापि गिरणीतील रोजगार सर्वांना सारखा खुला नव्हता, हेही नमूद करणे आवश्यक आहे. धोट्यातील सूत संपले, की नव्या सुताचे टोक तोंडाने ओढून धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावे लागे. या कारणावरून अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना अधिक मजुरीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, प्रवेश मिळत नसे. १९२८-२९ च्या संपकाळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर जाहीरपणे मांडला. स्त्रियांची स्थितीही अशीच होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कामगारांमध्ये स्त्रियांचा वाटा सुमारे एकपंचमांश होता आणि त्या मुख्यतः वाइंडिंग व रिळिंग या खात्यांत काम करीत. रात्रपाळीवरील बंदी, प्रसूतिलाभाचा खर्च टाळण्याची मालकांची वृत्ती आणि या खात्यांतील यांत्रिकीकरण यांमुळे त्यांची संख्या सतत घटत गेली. म्हणजेच १९८२ पूर्वी कितीतरी आधी गिरणीतून एक वर्ग बाहेर पडला होता. त्या स्त्रिया गिरणगावातच राहिल्या आणि गिरणीबाहेरच्या, परंतु गिरणीवरच अवलंबून असलेल्या व्यवसायांत शिरल्या.

४. हजेरीपटाबाहेरचा रोजगार

गिरण्यांवर आधारलेल्या अप्रत्यक्ष रोजगाराचे तीन थर स्पष्टपणे दाखविता येतात.

पहिला थर उत्पादनाशी थेट निगडित होता. कापसाच्या गाठी वाहणारे व चढवणारे हमाल, धोटे, बॉबिन व चामडी पट्टे पुरविणारे कारागीर व व्यापारी, कांजीसाठी लागणारा स्टार्च आणि रंग यांचे पुरवठादार, सुटे भाग घडविणारी छोटी वर्कशॉप्स हे सर्व मागील जोडण्यांत मोडतात. कापड बाजारातील गुमास्ते, दलाल, माथाडी कामगार, हातगाडीवाले, तसेच चिंध्या व तुकड्यांचा व्यापार करणारे यांचा समावेश पुढील जोडण्यांत होतो. या थरातील काहींना दुसरे ग्राहक शोधता आले. कापडाचा व्यापार मुंबईत टिकून राहिल्यामुळे बाजारातील कामे तत्काळ संपली नाहीत. गिरणीच्या विशिष्ट यंत्रांसाठी सुटे भाग बनविणाऱ्यांना मात्र पर्याय नव्हता.

दुसरा थर कामगाराच्या दैनंदिन जीवनाशी निगडित होता आणि त्यात खानावळींचे स्थान सर्वांत महत्त्वाचे होते. गिरणीत काम करणारे असंख्य पुरुष कुटुंब गावी ठेवून मुंबईत एकटे राहत. चाळीतील दहा बाय बारा फुटांच्या आसपासच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे अनेक जण असत. एका गावच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या अशा खोलीला ‘गाळा’ म्हणत. या पुरुषांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शेजारपाजारच्या स्त्रिया करीत. त्यांत विधवा, परित्यक्ता आणि ज्यांच्या नवऱ्याचा पगार पुरत नसे अशा स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. हा व्यवसाय पूर्णतः उधारीवर चाले. वाणी महिनाभर किराणा उधार देई. खानावळवाली महिनाभर जेवण उधार घाली. पगार झाला, की कामगार खानावळीचे पैसे देई आणि ती वाण्याचा हिशेब चुकता करी. मध्ये पैसे कमी पडले, तर दागिने गहाण पडत किंवा चढ्या व्याजाने कर्ज काढावे लागे.

या स्त्रियांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले आणि राष्ट्रीयीकृत बँकांकडून त्यांना छोटी कर्जे मिळवून देण्यात आली. स्वयंपाकाचे घरगुती काम हा पतपात्र व्यवसाय आहे, हे बँकेला मान्य करावयास लावणारा हा प्रयोग महत्त्वाचा होता. परंतु कर्जाची परतफेड शेवटी कोणत्या उत्पन्नातून होणार होती, हे पाहिले पाहिजे. खानावळवालीची पत ही गिरणीच्या पगारपत्रकावर उभी होती. पगार थांबताच कामगार, खानावळवाली आणि वाणी या साखळीतील प्रत्येक कडी तुटली. संपाच्या काळात उधारी वाढत गेली, अनेक जेवणकरी गावी निघून गेले आणि थकलेली रक्कम वसूल करण्याचा कोणताही कायदेशीर मार्ग या स्त्रियांकडे नव्हता.

तिसरा थर मुंबईबाहेर होता. कोकणातील खेड्यांची अर्थव्यवस्था ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ म्हणून ओळखली जात असे. शेती स्त्रिया व वृद्ध पाहत; बियाणे, घराची डागडुजी, मुलांचे शिक्षण, लग्नकार्ये यांना लागणारा पैसा मुंबईहून येई. दीर्घकालीन पुरुष-स्थलांतराची खूण लोकसंख्येच्या आकडेवारीतही उमटली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, तर रत्नागिरी जिल्ह्यात हे प्रमाण १,१२२ होते. गावातील सुतार, गवंडी, दुकानदार यांचा रोजगारही काही अंशी या मनीऑर्डरवर चाले. त्यामुळे परळमधील गिरणीचे फाटक बंद झाल्याचा परिणाम शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वाडीपर्यंत पोहोचला. याउलट, गाव हा कामगाराचा शेवटचा आधारही होता. १९८२ चा संप इतका काळ टिकला, त्याचे एक कारण गावाकडची शेती व नातेसंबंध हे होते. म्हणजे गिरणीचा पगार शेतीला पोसत होता आणि अडचणीच्या काळात शेती कामगाराला पोसत होती. हा परस्परसंबंध लक्षात घेतल्याशिवाय गिरणी कामगाराचे अर्थकारण समजत नाही.

५. ऱ्हासाची कारणे

डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सार्वत्रिक संप सुरू झाला. त्यात सुमारे ६० गिरण्यांतील जवळजवळ अडीच लाख कामगार सहभागी झाले. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ रद्द करणे या प्रमुख मागण्या होत्या. या कायद्यानुसार एकाच प्रातिनिधिक संघटनेला वाटाघाटीचा अधिकार मिळे आणि तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. संप कधीच अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. त्यानंतर एक लाखाहून अधिक कामगार पुन्हा कामावर येऊ शकले नाहीत.

संपामुळे गिरण्या संपल्या, हे विधान मात्र अर्धसत्य आहे. संपापूर्वीच त्यांच्या ऱ्हासाची प्रक्रिया सुरू झाली होती, हे पुढील बाबींवरून स्पष्ट होते.

पहिली बाब सरकारी धोरणाची. हातमागाचे संरक्षण करण्याच्या हेतूने १९५० च्या दशकापासून गिरण्यांतील मागांच्या संख्यावाढीवर मर्यादा घालण्यात आली. प्रत्यक्षात त्याचा लाभ हातमागापेक्षा यंत्रमागाला अधिक झाला. भिवंडी, मालेगाव व इचलकरंजी येथे यंत्रमाग वेगाने वाढले. कमी मजुरी, करसवलती आणि कामगार कायद्यांची दुर्बल अंमलबजावणी यांमुळे तेथील कापड स्वस्त पडे. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी, यंत्रमाग व हातमाग यांना स्वतंत्र क्षेत्रे म्हणून पाहण्याची पद्धत सोडून दिली.

दुसरी बाब गुंतवणुकीची. अनेक मालकांनी नफा गिरणीच्या आधुनिकीकरणात न घालता अन्य उद्योगांकडे वळविला. जुनाट यंत्रांवर काढलेले सुती कापड कृत्रिम धाग्याच्या कापडासमोर टिकणे कठीण होते. आजारी गिरण्या चालविण्यासाठी १९६८ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्थापन झाले. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणानंतर आणि १९८३ मध्ये मुंबईतील आणखी १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतल्यानंतर महामंडळाकडील शहरातील गिरण्यांची संख्या २५ झाली. तथापि मालकी बदलली तरी यंत्रसामग्री फारशी बदलली नाही.

तिसरी बाब जमिनीची. गिरण्यांकडे मुंबईच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन होती. शहराच्या वाढीबरोबर या जमिनीचे मूल्य इतके वाढले, की गिरणी चालविण्यापेक्षा ती बंद असणे अधिक फायद्याचे ठरू लागले. शंभराहून अधिक कामगार असलेला कारखाना बंद करण्यास त्या काळी शासनाची पूर्वपरवानगी लागे. त्यामुळे उघडपणे गिरणी बंद न करता विजेचे देयक थकविणे, कच्चा माल न आणणे, पगार रखडविणे अशा मार्गांनी काही गिरण्या हळूहळू निष्क्रिय करण्यात आल्या. संप हे या दीर्घ प्रक्रियेतील निर्णायक वळण होते. तो तिचा उगम नव्हता.

६. जमीन, भरपाई आणि पात्रता

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीच्या विकासासाठी एकतृतीयांशाचे सूत्र घालून दिले. एक भाग महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक भाग म्हाडाकडे घरांसाठी आणि एक भाग मालकाकडे, अशी ती विभागणी होती. २००१ मध्ये या नियमात बदल करण्यात आला. विभागणी संपूर्ण जमिनीची न होता केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीची होईल, असे ठरले आणि सार्वजनिक वाटा बराच घटला. या बदलाविरुद्धच्या याचिकेवर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने निर्णय दिला. परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. त्यानंतर मॉल, कार्यालये व उंच निवासी इमारती यांची उभारणी वेगाने झाली. २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या उरल्यासुरल्या गिरण्यांतील उत्पादनही थांबले.

दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद गिरण्यांच्या कामगारांचा प्रश्न १९८९ पासून लावून धरला. त्या लढ्यामुळे घरांचा हक्क मान्य झाला. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर गिरणीच्या सेवेत असलेल्या कामगारांना व त्यांच्या वारसांना पात्र ठरविण्यात आले. सुमारे दीड लाख अर्ज आले; २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे उपलब्ध होती. त्यानंतरही सोडती झाल्या, पण मागणी आणि पुरवठा यांतील अंतर फार मोठे राहिले. पुढे शेलू व वांगणी येथे घरे देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा कामगार संघटनांनी मुंबईतच घरे मिळावीत असा आग्रह धरला.

येथे पात्रतेचा निकष बारकाईने पाहणे आवश्यक आहे. घर मिळण्यासाठी सेवापुस्तिका, हजेरीपत्रक, भविष्यनिर्वाह निधीची नोंद, तिकीट क्रमांक अशा पुराव्यांची गरज असते. हा निकष प्रशासकीयदृष्ट्या समजण्याजोगा आहे. परंतु त्याने काही वर्ग आपोआप वगळले जातात. वीस वर्षे चाळीस जेवणकऱ्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवालीकडे कोणताही तिकीट क्रमांक नव्हता. गिरणीला सुटे भाग पुरविणाऱ्या वर्कशॉपमधील मदतनिसाकडे भविष्यनिर्वाह निधी नव्हता. १९८२ पूर्वीच वाइंडिंग खात्यातून कमी केलेल्या स्त्रियांना ठरविलेल्या तारखेने बाहेर ठेवले. कामगाराच्या घरातील स्त्रीला वारस म्हणून हक्क मिळाला, पण स्वतःच्या श्रमाबद्दल मिळाला नाही.

७. पर्यायी रोजगाराचे स्वरूप

गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या सेवाक्षेत्राने रोजगार निर्माण केला, हे नाकारता येत नाही. प्रश्न तो कोणासाठी व कशा स्वरूपाचा, हा आहे. वित्त, माध्यमे व माहिती तंत्रज्ञान या क्षेत्रांतील नोकऱ्यांसाठी लागणारे शिक्षण व इंग्रजीचे ज्ञान साचेवाल्याकडे नव्हते. त्याच्या पुढच्या पिढीला या इमारतींत मुख्यतः सुरक्षारक्षक, सफाई, मालवाहतूक अशी कंत्राटी कामे मिळाली. स्त्रिया घरकाम, शिलाई, खाद्यपदार्थ विक्री यांकडे वळल्या. गिरणीतील काम कष्टाचे व आरोग्याला घातक होते. कापसाच्या तंतूंमुळे फुप्फुसांचे विकार जडत. तरीही तेथे ठरलेला पगार, महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधी आणि संघटना होती. शिवाय तो पगार परिसरातच खर्च होई व त्यातून आणखी काहींचे पोट भरे. कंत्राटी वेतनात ही क्षमता फारच मर्यादित असते.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, मुंबईतील गिरण्यांचा ऱ्हास हा एका संपाचा परिणाम नसून धोरण, गुंतवणूक व जमीनमूल्य यांच्या एकत्रित प्रभावाचा परिणाम होता. दुसरा, या ऱ्हासाची झळ कामगारांइतकीच खानावळी, छोटे पुरवठादार व कोकणातील घरे यांना बसली. तिसरा, भरपाईची रचना केवळ नोंदणीकृत सेवेवर आधारलेली असल्यामुळे, ज्यांच्याकडे सर्वांत कमी साधने होती, तेच तिच्या बाहेर राहिले.

हा विषय केवळ इतिहासाचा नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग व सोलापुरातील चादर व टॉवेल उद्योग यांच्याभोवतीही असेच नोंद नसलेल्या रोजगाराचे जाळे आहे. कांड्या भरणाऱ्या स्त्रिया, चहावाले, डबे पोहोचविणारे, यंत्र दुरुस्त करणारे यांची गणना उद्योग चालू असतानाच झाली, तर संकटकाळी त्यांचा विचार होऊ शकेल. उद्योग बंद पडल्यावर ती करू म्हटले, तर माणसे पांगलेली असतात. महाविद्यालयांतील अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल व वाणिज्य या विभागांनी आपापल्या परिसरातील एखाद्या उद्योगाचे असे सर्वेक्षण विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यातून हाती घेणे सहज शक्य आहे. किती माग चालतात, ही नोंद कोठे ना कोठे मिळते. त्या मागांवर किती चुली पेटतात, ही नोंद मात्र कोणीतरी घरोघर जाऊन करावी लागते.